पिसवाल्यांच्या घरी चूलबंद आवतन

आमच्या घराला वास येतो हे मला नाकानं कधी कळलं नाही. ते मला बायकांच्या पदरांवरून आणि पुरुषांच्या दुपट्ट्यांवरून कळलं. सेलूच्या रस्त्यावरून गावात वळलं की पहिलं घर आमचं, आणि त्याच्यामागे वावराच्या कडेला बाबांची भट्टी. रस्त्यानं येणारी बाई आमच्या कुंपणातल्या बोरीपाशी पोचली की तिचा पदर नाकावर जायचा आणि पुढचं चिंचेचं झाड ओलांडलं की खाली यायचा. मी ओट्यावर बसून हे बघत असे. दोन झाडांच्या मधला तो तुकडा आमचा होता. मी तिथंच जन्मले नसले तरी तिथंच मोठी झाले, आणि त्यामुळे माझ्या नाकाला तो वास म्हणजे नुसती हवा होती. आज साठी ओलांडल्यावरही लिफ्टमध्ये कुणी शेजारी उभं राहिलं की मी आधी त्या माणसाच्या नाकाकडे बघते. सवय मोठी चिवट असते.

बाबा कोंबड्यांची पिसं शिजवायचे. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून नीट सांगते. चिकनच्या दुकानातून गिऱ्हाईक मांस घेऊन जातं. मागे पिसं, डोकी, पाय आणि आतडी उरतात, आणि त्या काळी दुकानदार ते सरळ नाल्यात लोटून द्यायचे. बाबा रोज मोपेडला दोन निळे ड्रम बांधून सेलू आणि वर्ध्याच्या दुकानांतून ते गोळा करून आणायचे. धुऊन, निवडून एका मोठ्या लोखंडी कुकरमध्ये भरायचे, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ घालायचे आणि कोंडलेल्या वाफेत दिवसभर शिजवायचे. शिजलेला माल सिमेंटच्या खळ्यावर वाळवून चक्कीत दळला की त्याचा तपकिरी चुरा व्हायचा. तो चुरा मका आणि सोयाबीनच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, मिसळून कोंबड्यांना, तळ्यातल्या मासोळ्यांना खायला घालत. कुठल्याशा शिबिरात बाबांनी ‘प्रोटीन’ हा शब्द ऐकला होता आणि तो ते देवाच्या नावासारखा जपून वापरत. ‘लोकं ज्याले घाण म्हणून राह्यले, त्याच्यात सारी ताकद हाय, कुंदे,’ ते म्हणायचे, ‘फक्त शिजवता आलं पाह्यजे.’

सगळी करामत शिजवण्यातच होती. कच्चं पीस कोंबडीच्या पोटात गेलं तर जसंच्या तसं बाहेर येतं, त्यातून तिला काही मिळत नाही. पुरतं शिजलेलं पीस मात्र अंगी लागतं. आणि गंमत अशी की एकदा दळलं की कच्चं आणि शिजलेलं डोळ्याला सारखंच दिसतं. म्हणून बाबा दळण्याआधी प्रत्येक घाण्यातलं एक पीस उचलायचे आणि त्याचा दांडा दोन बोटांत धरून मोडायचे. कट् आवाज झाला की माल तयार. दांडा नुसता वाकला की सगळा घाणा परत कुकरात. बाबांना अक्षर फारसं येत नव्हतं, पण ही परीक्षा त्यांची कधी चुकत नसे. त्यांचा दांडा मोडल्याचा आवाज मला घरात भाकरी थापताना ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. त्या घरात तसे आवाज पुष्कळ होते. वाफ सोडताना कॉकची लांब शीळ, चक्कीच्या पट्ट्याची फटफट, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी, फाटकाशी बसलेली कुत्री. फक्त माणसाचा आवाज नव्हता.

मायचा आवाज आधी होता. ती भट्टीच्या पहिल्या दोन वर्षांत बाबांच्या बरोबरीनं राबली. कुकरचे बोल्ट तीच आवळायची आणि वाफ किती झाली ते तिला शिळेवरून कळायचं. पण बायका हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या. भुलाबाईच्या दिवसांत पोरी सगळ्या ओट्यांवर गाणी म्हणत फिरायच्या आणि आमच्या ओट्याशी आल्या की पुढं निघून जायच्या. माय खिरापत झाकून ठेवून वाट बघायची. मग माझा धाकटा भाऊ विजू खोकायला लागला आणि तिला एक कारण मिळालं. पोराला मोकळी हवा पाहिजे म्हणून ती त्याला घेऊन रोहण्याला तिच्या भावाकडे गेली. भांडण झालं नाही, कुणी कुणाला सोडलं नाही. दिवाळीला ती यायची, दोन दिवसांत सगळ्या गोधड्या धुऊन वाळत घालायची आणि परत जायची. मी तेव्हा आठवीत होते. बाबांना भाकर कोण करून घालणार, म्हणून मी राहिले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मायनं दोन थैल्या भरल्या, तिसरी भरली नाही, एवढंच.

आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर, वरण आणि लसणाचं तिखट खायचो. लोकांना वाटायचं, यांच्या घरी रोज कोंबडी शिजत असेल. प्रत्यक्षात बाबांना ती बघवत नसे. कधी शेजारच्या नामदेवकाकांच्या वावरातली वांगी मिळाली की भाजी. बाबा जेवताना बोलत नसत. जेवण झालं की ताट धुऊन म्हणायचे, ‘चांगलं झालतं.’ शाळेत माझ्या बाकावर माझं दप्तर आणि मी. मास्तर चांगले होते, त्यांनी एकदा एका पोरीला माझ्याजवळ बसायला सांगितलं, तर ती रडली. त्यानंतर मीच त्यांना म्हटलं, मास्तर, मला ऐसपैस बसायला आवडतं. माझ्या जिभेला तेव्हापासून धार आली ती अजून आहे. पण घरी आल्यावर मी आपला हात नाकाशी धरून तासन्‌तास हुंगायचे. काहीच यायचं नाही. मला माझाच वास कळत नाही, याचा मला त्या वयात भयंकर राग होता.

आमच्याकडे लग्नाची आवतनं दोन तऱ्हेची असतात. एक ‘घरटी एक माणूस’. म्हणजे त्या घरातून एकानं जेवायला यायचं. दुसरं चूलबंद. ते मिळालं की त्या घरातली चूल त्या दिवशी पेटत नाही. लहानथोर, घरी आलेला पाहुणा, माहेरी गेलेली सून, सगळ्यांनी एकत्र जायचं आणि पंगतीत एका ओळीनं बसायचं. भट्टी सुरू झाल्यापासून आम्हाला घरटी एक माणूसच होतं. बाबा जायचे, शेवटच्या पंगतीला टोकाशी बसायचे आणि परत येताना माझ्यासाठी कागदात बुंदी आणायचे. मी ती खायचे, पण गोड लागायची नाही.

त्या उन्हाळ्यात नामदेवकाकांच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. काकांचं वावर आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होतं आणि त्यांनी अंड्यांच्या कोंबड्यांचं मोठं शेड टाकलं होतं. ते खाद्य स्वतः मिसळायचे आणि चुरा फक्त बाबांचा घ्यायचे. गावात आमच्या ओट्यावर बसून चहा पिणारा तो एकच माणूस होता. एका सकाळी ते अक्षता घेऊन स्वतः आले. नाकाला दुपट्टा न लावता फाटकातून आत आले आणि ओट्यावर टेकले.

‘वसंता, सोमवारी चूलबंद आवतन हाय तुले,’ ते म्हणाले.

बाबा उभेच राहिले. ‘नामदेवभाऊ, घरटी एक म्हणा. लोकं बोलतीन.’

‘लोकायले मी पाह्यतो. माह्या कोंबड्या तुह्या मालावर अंडे देऊन राह्यल्या, अन् तुह्या पोरीले मी पंगतीत नाई बसवू? वयनीलेही आनजो रोहण्याहून. पोरालेही. चूल दिसली नाई पाह्यजे पेटलेली.’

 काका गेल्यावर बाबांनी हातातल्या अक्षता देवापुढच्या वाटीत ठेवल्या आणि मला विचारलं, ‘कुंदे, येईन काय व थे?’ मी म्हटलं, येईल. चूलबंद आवतनाला नाही म्हणता येत नाही, हे मायला माहीत होतं. पण माझ्या मनात लग्न नव्हतंच. मी पुढचं बघत होते. माय येणार, दोन दिवस राहणार, आणि त्या दोन दिवसांत तिला जर वास आला नाही, तर ती परत कशाला जाईल? हे गणित मी आठवडाभर मनात घोळवलं आणि दरवेळी ते बरोबर आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा मायला आणायला रोहण्याला निघाले. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. पण आदल्या संध्याकाळचा ताजा माल ड्रममध्ये होता. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नसता आणि नासलेला माल शिजवणं बाबांना पटत नसे. त्यांनी उजाडताच कुकर भरला, जाळ घातला आणि मला सांगितलं, ‘भट्टीच्या शेडची सावली बोरीच्या बुडाशी पोचेस्तोवर जाळ राह्यला पाह्यजे. मंग पऱ्हाट्या वढून घेजो अन् भाप हळूहळू सोडजो. त्याच्या आंधी हात नको लावू.’ मी मान हलवली. मी हे काम वर्षभर केलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं.

ते गेले आणि मी हिशेब केला. सावली बोरीशी पोचायची तीच वेळ त्यांची गाडी यायची. म्हणजे माय फाटकात पाऊल टाकणार आणि इकडे वाफ सुटणार. वाफ सुटते तेव्हा वास सगळ्यात जास्त असतो, हे मला कळत नसलं तरी ऐकून ठाऊक होतं. मी ओट्यावर बसले, उठले, परत बसले. सावली अजून कुकरच्या पायाशीच होती. आणि मग मी जाऊन पऱ्हाट्या ओढल्या. कॉक फिरवला. शीळ सुटली तेव्हा मला रडू येत होतं, का ते सांगता येणार नाही. निखाऱ्यांवर पाणी ओतलं, कुकरवर विहिरीच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या, झाकण उघडलं. पिसं ओली आणि मऊ दिसत होती. मी एक दांडा उचलला. वाकला. दुसरा उचलला. तोही वाकला. मी सगळा घाणा फावड्यानं शेडमागच्या खळ्यावर पसरला, अंगणात सडा टाकला, गोवऱ्यांवर ओवा आणि धूप घातला, गोधड्या उन्हात टाकल्या आणि राखेनं अंग घासून तीनदा आंघोळ केली. चौथ्यांदा उन्हाळ्याच्या विहिरीत पाणी उरलं नव्हतं.

ते तिघं आले तेव्हा मी ओट्यावर उभी होते. रस्त्यावर माय पुढे, विजू मध्ये, मागे बाबा दोन्ही हातांत थैल्या घेऊन. मी मायच्या हाताकडे बघत होते. ती बोरीपाशी आली. पदर डोक्यावरच राहिला. फाटकातून आत आली. हात नाकाकडे गेला नाही. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘काऊन व, केसं ओलेच?’ मी पाणी आणायला आत पळाले आणि माठाशी उभी राहून हसले. बाहेर आले तोवर माय मागचं अंगण फिरून आली होती आणि बाबा थैल्या घेऊन तसेच उभे होते. ‘घाना झाला?’ त्यांनी विचारलं. ‘झाला,’ मी म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि खळ्याकडे गेले नाहीत.

लग्नात आम्ही चौघं एका ओळीत बसलो. पत्रावळींवर आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. माझ्या उजवीकडची बाई आपली पत्रावळ थोडी पलीकडे सरकवून बसली हे मी पाहिलं, पण माझ्या डावीकडे माय होती, त्यामुळे मी तिला माफ केलं. काकांनी स्वतः येऊन बाबांना बुंदी वाढली. नवरी कशी दिसत होती, मला आठवत नाही. मी सगळा वेळ आमच्याच ओळीकडे बघत होते. घरी आलो तेव्हा चूल सकाळपासून थंड होती, आणि मला ती तशी फार सुंदर दिसली.

दुसऱ्या दिवशी माय गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबांनी दुकानदारांना काय सांगितलं कोण जाणे, ते आठवडाभर ड्रम घेऊन गेले नाहीत. तो वाकणारा माल मी वाळल्यावर आधीच्या चांगल्या ढिगात मिसळला आणि बाबा बाजारात गेले असताना चक्की लावून दळून टाकला. पोती भरली. काकांचा माणूस येऊन घेऊन गेला. माय रोज काही तरी करायची. एक दिवस तिनं गोळाभात केला, वरून हिंगाचं कढतं तेल, आणि बाबा तीनदा वाढून घेऊन म्हणाले, ‘चांगलं झालतं.’ जेवण संपायच्या आधी म्हणाले, ताट धुतल्यावर नाही. पुढच्या आठवड्यात ड्रम परत सुरू झाले, पण थोडे. तरी माय राहिली. तिनं विजूला इथल्या शाळेत घालायचं का, असं एकदा विचारलंही. मी त्या रात्री झोपले नाही असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मी इतकी शांत कधीच झोपले नव्हते.

मग एका दुपारी नामदेवकाका आले. ओट्यावर बसले नाहीत. त्यांच्या हातात पिशवीत चुरा होता.

‘वसंता, माह्या कोंबड्या एकमेकीचे पिसं टोचून खाऊन राह्यल्या. अंडे अर्ध्यावर आले. पंधरा दिवस झाले. आंधी म्हटलं ऊन असन, मंग म्हटलं पानी असन. आता तुह्या मालाशिवाय दुसरं काई उरलं नाई.’

बाबांनी पिशवी घेतली. ओट्यावर परात ठेवून त्यात चुरा ओतला आणि बोटांनी चाळला. न दळलेला एक दांड्याचा तुकडा त्यांना सापडला. तो त्यांनी दोन बोटांत धरला आणि वाकवला. आवाज झाला नाही. त्यांनी तो सोडला, तो परत सरळ झाला. मी दारात उभी होते. बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मभर वागवली. रागाची नव्हती. राग असता तर बरं झालं असतं.

‘भाऊ, चूक माहीच हाय,’ ते काकांना म्हणाले. ‘लग्नाच्या आदल्या दिवसचा घाना हाय हा. कच्चा राह्यला. मले मालूम पाह्यजे होतं.’

‘तुह्या हातून?’ काकांना खरं वाटेना. ‘तू तं एक एक दांडा मोडून पाह्यते ना बापा.’

‘त्या दिवशी नाई मोडला.’

 माझ्या मागून माय चहा घेऊन आली होती. काकांनी चहाकडे पाहिलं, म्हणाले, ‘राहू द्या वयनी, आता नाई,’ आणि गेले. पुढे ते बोलायचे, रस्त्यात थांबायचे, पण आमच्या ओट्यावर ते परत बसले नाहीत. आणि त्यांच्या दुसऱ्या मुलीच्या लग्नाला आम्हाला आवतन आलं ते घरटी एक माणूस.

बाबांनी सगळी पोती परत आणली आणि शब्द दिला की आठवड्यात बदली माल पोचवतो. त्यासाठी कुकर बंद करून चालणार नव्हतं. एक घाणा निघाला की दुसरा. शीळ दिवसा व्हायची तशी मध्यरात्रीही व्हायची. विजू पुन्हा खोकायला लागला. मायनं पहिले दोन दिवस पदर खोचून बोल्ट आवळले. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. पाचव्या दिवशी मी तिला विहिरीपाशी बसलेली पाहिलं, पदराचा बोळा तोंडात. त्या दिवशी तिनं बाबांना विचारलं, ‘तुमी हे सोडनार नाई ना?’ बाबा म्हणाले, ‘सबद देल्ला हाय त्यायले.’ ती एवढंच म्हणाली, ‘तं मंग आमी जातो.’ मी तिथंच उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, की माय, हे सगळं मी केलं, बाबांनी नाही. ते बाहेर पडलं नाही. मला वाटलं, हे कळलं तर ती माझ्यावरही रुसून जाईल. सोमवारच्या गाडीनं ती आणि विजू गेले. बाबा त्यांना सोडून आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि कुकरपाशी जाऊन बसले. मी भाकर केली. त्यांनी खाल्ली, ताट धुतलं आणि म्हणाले, ‘चांगलं झालतं.’

या गोष्टीला किती वर्षं झाली ते मोजायचं मी टाळते. बाबा गेले. शेवटच्या आजारपणात भट्टी बंद झाली तेव्हा माय येऊन राहिली, चार महिने. कुकर भंगारात गेला. विजू पुण्याला, मी वर्ध्यात नोकरी केली, निवृत्त झाले, लग्न जमलं नाही. बघायला येणारे आले की बाबा आदल्या दिवसापासून भट्टी बंद ठेवत, पण गावात विचारपूस व्हायचीच. आता माय माझ्याजवळ असते. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे एक गुबगुबीत कुत्रा आहे. त्याच्या खाद्याची पिशवी मी एकदा जिन्यात वाचली. त्यात कोंबडीचं तेच सगळं होतं जे बाबा ड्रममध्ये आणत, चकचकीत वेष्टनात. तो कुत्रा त्यांच्या सोफ्यावर बसतो, आणि पाहुणे त्याच्या शेजारी बसतात.

बाबांना मी कधीच सांगितलं नाही. प्रत्येक दिवाळीला ठरवायचे, की आता सांगू. त्यांना ठाऊकच आहे असं वाटायचं, आणि ठाऊक असलेल्या माणसाला सांगायला जास्त हिंमत लागते. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली, त्यापायी मित्र गमावला, बायको गमावली, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. हे ओझं घेऊन मी म्हातारी झाले. परवा दुपारी माय खिडकीशी गहू निवडत होती. तिला आता दिसत नाही फारसं, पण हात चालतात. मी सहज तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं. सावली बोरीशी पोचली नव्हती, मी जाळ ओढला, पाणी ओतलं, दांडा वाकत होता तरी दळला. सगळं.

तिनं गहू निवडणं थांबवलं नाही. ‘मले मालूम हाय ना,’ ती म्हणाली.

‘तुला? कधीपासून?’

‘त्याच दिवशी. तू पानी आनाले गेलती. मी कुकरवर हात ठेवला. जाळ टायमावर काढला असता तं हात भाजला असता. थंडागार होता.’ तिनं एक खडा बाजूला टाकला. ‘तुह्या बाबायनं पाह्यलं मले हात ठेवताना. मी म्हटलं, बरं वाटून राह्यलं आज घरात. ते हासले. खळ्याकडं निंगाले होते, तं थांबले. मंग गेलेच नाई.’

माझ्या डोक्यात ते अंगण उभं राहिलं. दोन्ही हातांत थैल्या घेऊन तसेच उभे असलेले बाबा. मी ‘झाला’ म्हटलं तेव्हा त्यांनी पुढे काही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यांनी दांडा मोडून पाहिला नाही, तो ठरवून पाहिला नाही. काकांसमोर ते ‘चूक माहीच हाय’ म्हणाले, ते मला वाचवायला नव्हे. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

‘अन् परातीतला तुकडा वाकला तवा,’ माय म्हणाली, ‘माह्याकडं पाह्यलं त्यायनं. मी चा घेऊन उभी होती, तुह्या मागं. मी मान खाली घातली. मले वाटलं, म्हनतीन, राह्य. म्हटलं असतं तं राह्यली असती मी, त्या वासात. पन त्यायनं नाई म्हटलं, अन् मीही नाई म्हटलं की मले मालूम होतं.’

म्हणजे ती नजर माझी नव्हतीच. जन्मभर जी मी अंगावर बाळगली, ती माझ्या डोक्यावरून मागे गेली होती, आणि मी मध्ये उभी होते, इतकंच. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ओझं होतं तेव्हा निदान बाबा माझ्याकडे बघत होते.

मायनं ताटातला गहू डब्यात ओतला आणि भिंत धरत जाऊन पडली. मी खिडकीशी बसून राहिले. दिवेलागण झाली तेव्हा तिनं आतून विचारलं, ‘कुंदे, भाकर नाई करत काय व?’ मी म्हटलं, भूक नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘मलेही नाई.’ त्या संध्याकाळी आमच्या घरात चूल पेटली नाही, आणि आवतन कुणाचंच नव्हतं.